गिरमिटी नोंदवहीतील मराठी नाव : एका अज्ञात पूर्वजाच्या कुळशोधाची साधने

महाराष्ट्रात कुळांचा इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आहे. परंतु ती मुख्यतः ज्यांच्या घरी कागद होता त्यांची आहे. वतनदार, इनामदार, जोशी, कुलकर्णी, देशमुख यांच्या वंशावळी वादांच्या निमित्ताने तयार झाल्या, आणि पुढे विसाव्या शतकात त्यांतूनच कुलवृत्तान्तांचे ग्रंथ निर्माण झाले. वतन नाही तेथे वाद नाही, वाद नाही तेथे निवाडा नाही, आणि निवाडा नाही तेथे वंशावळही नाही. कोकणातील खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाचा, किंवा साताऱ्याकडील भूमिहीन शेतमजुराचा पणजा कोण होता, हे त्याच्या गावातील दप्तर क्वचितच सांगते.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. ज्या मराठी माणसाची त्याच्या गावाने एक ओळदेखील लिहून ठेवली नाही, त्याची उंची, वय, अंगावरील व्रण, बापाचे नाव, जात आणि गाव यांची नोंद त्याच शतकात हिंदी महासागरातील एका बेटावर झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेला गिरमिटी मजूर हा तो माणूस होय. आज त्या बेटावर असलेल्या मराठी भाषिक समाजातील बहुतेक घराण्यांचा आरंभ अशाच एखाद्या नोंदीपाशी होतो. त्या नोंदीपासून मागे जाऊन त्या पूर्वजाचे मूळ गाव व कूळ कसे शोधावे, आणि त्या शोधात भाषाशास्त्राचा उपयोग कितपत होतो, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहणे अवश्य आहे. मॉरिशस बेट इंग्रजांनी फ्रेंचांकडून 1810 साली घेतले. राज्य इंग्रजांचे झाले, पण उसाचे मळे, त्यांचे मालक, दिवाणी कायदा आणि नित्य व्यवहाराची भाषा ही फ्रेंच वळणाचीच राहिली. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि मळेवाल्यांना मजुरांची गरज भासू लागली. त्यापूर्वीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलास' या जहाजाने कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुई बंदरात उतरवले होते. करारावर, म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'वर, गेलेले ते गिरमिटी. इंग्रजी शब्दाचे हे देशी रूप त्या व्यवहाराचे नावच होऊन बसले. 1839 साली हिंदुस्थानातून मजूर नेण्यास बंदी झाली. 1842 च्या कायद्याने मॉरिशसपुरती ती उठली, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीन बंदरे या वाहतुकीस मोकळी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबईहून गेलेल्यांचा वाटा तिन्ही बंदरांत सर्वांत लहान होता, आणि 1860 नंतरच्या दशकात तो ओघ आटत गेला. ही कालमर्यादा कुळशोधाला उपकारक आहे. मराठी पूर्वज सामान्यतः 1842 नंतरच्या दोन-अडीच दशकांतच शोधावा लागतो.

येथे एक पोटभेद ध्यानात ठेवला पाहिजे. 1815 ते 1837 या काळात बंगाल व मुंबई या इलाख्यांतून सुमारे 1500 कैदी जन्मठेपेवर मॉरिशसला पाठवण्यात आले होते व त्यांच्याकडून रस्ते बांधणीची कामे करून घेतली जात. 1836 साली बेटावर आलेल्या चार्ल्स डार्विनने हे हिंदी कैदी पोर्ट लुईत पाहिले होते. एखाद्या कुटुंबाची परंपरा 1834 च्याही मागे जात असेल, तर त्याचा माग गिरमिटाच्या नोंदवहीत लागणार नाही. तो कैद्यांच्या दप्तरात शोधावा लागेल.

गिरमिटी मजुरांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. ज्या घाटावर हे लोक उतरत ती इमारतींची जागा, आप्रवासी घाट, 2006 साली जागतिक वारसा ठरली. नोंदवहीचे स्वरूप काळाबरोबर बदलत गेले. आरंभीच्या नोंदी त्रोटक आहेत. पुढे त्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, शरीरावरील खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आगमनाची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवले तो मळा, असे रकाने येतात. या सर्वांत संशोधकाला सर्वांत कोरडा वाटणारा रकाना सर्वांत मोलाचा आहे, तो म्हणजे क्रमांक. माणसाचे नाव प्रत्येक कारकुनाच्या हाती नवे रूप घेते; क्रमांक मात्र बदलत नाही. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्रासह ओळखपत्र बाळगावे लागे, आणि त्यावरही हा क्रमांक असे. विवाहाच्या व मुलांच्या जन्माच्या दाखल्यांतही तो अनेकदा आढळतो. म्हणून कुळशोधाचा पहिला नियम असा की, वर्तमानकाळातून एकेका पिढीच्या दाखल्याने मागे जावे आणि क्रमांक हाती येईपर्यंत नोंदवहीला हात लावू नये. केवळ नामसादृश्यावरून नोंद निवडणे ही या क्षेत्रातील सर्वांत सुलभ आणि सर्वांत घातक चूक होय. कारण एकाच दशकात 'रामजी' किंवा 'बाबू' या नावाची पुष्कळ माणसे त्या घाटावर उतरलेली असणार.

क्रमांकावरून नोंद निश्चित झाली की नावाचे वाचन सुरू होते, आणि येथे भाषाशास्त्राचा प्रवेश होतो. हे नाव किती कानांतून व किती हातांतून गेले आहे, याचा आधी विचार केला पाहिजे. मजुराने ते आपल्या बोलीत उच्चारले. मुंबईच्या कचेरीतील लेखकाने ते रोमन लिपीत उतरवले. तो लेखक मराठीच असेल असे नाही. पोर्ट लुईत त्याची दुसरी नोंद झाली. मळ्यावर फ्रेंच किंवा क्रिओल बोलणाऱ्या मुकादमाच्या तोंडी ते पडले. पुढे मुलाच्या जन्मनोंदीच्या वेळी नागरी दप्तराच्या अधिकाऱ्याने ते आपल्या कानाप्रमाणे लिहिले. एका घराण्याच्या आडनावाची दोन भावांच्या वंशात दोन रूपे सापडतात, याचे कारण हेच.

या लेखनात दोन प्रवृत्ती दिसतात. इंग्रजी वळणाचा लेखक 'उ'साठी दोन 'ओ' व 'ई'साठी दोन 'ई' वापरतो, आणि ऱ्हस्व 'अ'साठी बहुधा 'यू' हे अक्षर योजतो. त्यामुळे 'लक्ष्मण' या नावातील पहिला स्वर पुढच्या वाचकाला 'लु' वाटतो. फ्रेंच वळणाचा लेखक 'उ'साठी 'ओ' आणि 'यू' ही जोडी वापरतो, आणि त्याच्या कानाला 'ह' हा वर्ण जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन्ही वळणांत मराठीतील अत्यंत अर्थपूर्ण असे दोन भेद नाहीसे होतात. एक, महाप्राण व अल्पप्राण यांचा : 'सखाराम' हा 'साकाराम' होतो. दुसरा, मूर्धन्य व दंत्य यांचा : 'ट' आणि 'त', 'ड' आणि 'द', 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' एकरूप होतात. 'विठू'चा 'वितू', 'बाळू'चा 'बालू', 'गणू'चा 'गनू' आणि 'धोंडू'चा 'दोंदू' असा प्रवास होणे हे नियमानुसारच आहे.

या नियमांच्या आधारे उलट वाटेने जाता येते, पण ती वाट एकपदरी नाही. एकाच रोमन रूपातून दोन-तीन मूळ रूपे संभवतात. त्यांतून निवड करण्याचे साधन म्हणजे त्या काळच्या नावांचा साठा. 'दोंदू' असे नाव मराठीत नाही, 'धोंडू' आहे, म्हणून ते वाचन बव्हंशी निश्चित मानता येते. याउलट 'बाबू', 'रामा', 'किसन' ही नावे मराठीत जितकी रूढ तितकीच भोजपुरी प्रदेशातही. त्यांच्यावरून प्रांत ठरवता येत नाही. विठोबा, खंडोबा, तुकाराम, पांडुरंग यांच्यावरून पडलेली नावे, आणि 'बा'कारान्त रूपे यांचे प्रमाण मात्र अधिक वजनदार आहे.

नाव कधी कधी प्रांताहून अधिक काही सांगते. घरात मुले जगत नसली म्हणजे नंतरच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी हलकी नावे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. नोंदवहीतील 'धोंडू' हा अशा एखाद्या घरचा, आधीची भावंडे गमावून वाचलेला मुलगा असण्याचा संभव आहे. मात्र हा संभवच होय. कारण आजोबाचे नाव नातवाला देण्याची चालही तितकीच रूढ होती, आणि त्या योगे असे नाव मूळ कारण विसरूनही पुढे चालते.

दुसरा प्रश्न आडनावाचा. मॉरिशसमधील फ्रेंच वळणाच्या नागरी दप्तराला प्रत्येक कुटुंबास एक स्थिर कुलनाम हवे होते. मराठी मजुराने आपले नाव सांगितले, बापाचे सांगितले; आडनाव विचारले गेले नाही, किंवा त्याने ते सांगण्याचे प्रयोजन पडले नाही. परिणामी त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या बापाचे नाव हेच पुढील सर्व पिढ्यांचे आडनाव झाले. गावी असता तर 'रामजी सखाराम' याच्या मुलाच्या नावात 'रामजी' मधोमध आला असता व नातवाच्या नावातून तो गळून गेला असता. बेटावर तो गळला नाही, गोठला. येथे एक लाभ आहे आणि एक हानी. लाभ असा की, महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबाला न ठाऊक असलेले पणज्याच्या पणज्याचे नाव त्याचा मॉरिशसमधील वंशज रोज सही करताना लिहितो. हानी अशी की, कुळाशी, भावकीशी व देवकाशी जोडणारे मूळ आडनाव बहुतेक ठिकाणी लुप्त झाले. म्हणून मॉरिशसमधील कुलनामाचे महाराष्ट्रातील त्यासारख्या आडनावाशी नाते जोडणे बहुधा निरर्थक ठरते.

स्त्रियांच्या बाबतीत ही हानी दुहेरी आहे. 'बाई' हा प्रत्यय मुंबईहून आलेली स्त्री ओळखण्यास साहाय्य करतो. परंतु लग्नानंतर सासरी नाव बदलण्याच्या चालीमुळे नोंदीतील नाव माहेरचे की सासरचे हे कळत नाही, आणि तिच्या बापाचे नाव नोंदले नसेल तर माहेरचा धागा तेथेच तुटतो. ज्या वंशात मूळ पुरुष एका गावचा व मूळ स्त्री दुसऱ्या गावची होती, तेथे वंशज केवळ निम्मेच गाव शोधत असतात.

जातीचा रकाना सावधपणे वाचला पाहिजे. त्यातील शब्द हा मजुराचे उत्तर, लेखकाची समजूत आणि कचेरीची ठरावीक यादी या तिघांच्या मिश्रणातून आलेला आहे. 'मराठा' हा शब्द त्या दप्तरात कधी जातिवाचक असतो, तर कधी केवळ भाषा व प्रदेश दर्शवतो. अशा वेळी नावाचा प्रत्यय हा स्वतंत्र साक्षीदार होऊ शकतो. 'नाक' हा नामप्रत्यय महार समाजात रूढ होता. भीमा कोरेगाव येथील स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत या प्रत्ययाची नावे पुष्कळ आहेत. नोंदवहीत 'नाक'कारान्त नाव आणि जातीच्या रकान्यात निराळाच शब्द असेल, तर संशोधकाने नावाला अधिक महत्त्व द्यावे. समुद्रापार नवे आयुष्य आरंभताना एखाद्याने जुनी ओळख मागे ठेवली असेल, हेही अशक्य नाही. तेथे विसंगती हाच इतिहास होय.

यानंतर गाव. बहुतेक वंशजांच्या शोधाचे हे अंतिम स्थान, आणि बहुतेक चुकाही येथेच होतात. पहिली अडचण इंग्रजी रूपांची. सुवर्णदुर्ग हा त्या काळच्या इंग्रजी कागदांत 'सेव्हर्नड्रूग' आहे, बाणकोट हा 'फोर्ट व्हिक्टोरिया' आहे, आणि सावंतवाडीचा 'वारी' झालेला आढळतो. ही रूपे ओळखण्यास त्या काळचे इंग्रजी नकाशे जवळ हवेत. दुसरी अडचण विभक्तीची. 'गाव कोणते?' या प्रश्नाला मराठी माणूस 'चिपळूण' असे उत्तर देईलच असे नाही. तो 'चिपळुणास', 'चिपळुणात' किंवा 'चिपळुणचा' असेही म्हणेल. लेखकाला मराठी येत नसेल तर प्रत्ययासह सारा शब्दच गावाचे नाव म्हणून नोंदला जाईल. न लागणाऱ्या नावाच्या शेवटी 'स', 'त', 'चा' यांपैकी काही दिसले, तर ते काढून पाहणे हा साधा पण फलदायी उपाय आहे.

तिसरी अडचण प्रशासकीय सीमांची, आणि ती सर्वांत फसवी आहे. आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर जुनी नोंद बसवता येत नाही. कुलाबा जिल्हा 1869 साली ठाण्यातून वेगळा झाला. म्हणून 1850 च्या सुमारास पेण किंवा महाडकडचा मजूर नोंदीत ठाणे जिल्ह्याचा असू शकतो. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला; त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे भाग रत्नागिरीत होते, तर सावंतवाडी हे निराळे संस्थान होते. सातारा 1848 साली खालसा होण्यापूर्वी ते छत्रपतींचे राज्य होते. तालुक्यांचेही तसेच. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग ही रत्नागिरीतील तालुक्यांची जुनी नावे किल्ल्यांवरून पडलेली होती. ती पुढे लोपली. त्यातच एकाच नावाची गावे अनेक. खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही. कुडाळ सिंधुदुर्गात आहे आणि साताऱ्याच्या जावळीतही. माणगाव रायगडात आहे आणि कुडाळ तालुक्यातही. परगण्याचा रकाना वाचल्यावाचून गावाचे नाव वाचणे म्हणजे अंधारात बोट दाखवणे होय.

शिवाय 'मुंबई' असे लिहिलेले असले तर ते मूळ गाव मानू नये. कोकणातील माणूस गलबताने मुंबईस येऊन काही दिवस गोदीत किंवा बांधकामावर मजुरी करी, व तेथेच भरतीच्या दलालाच्या हाती लागे. त्याच्या दृष्टीने तो मुंबईहून निघाला हे खरेच होते. मॉरिशसमध्ये तर सर्व मराठी लोकांना क्रिओल भाषेत 'बोंबे' म्हणत. बंदराचे नाव समाजाचे नाव झाले.

कागदाबरोबरच कुटुंबातील परंपराही तपासावी लागते. आपला पूर्वज 1857 च्या उठावातील शिपाई होता व इंग्रजांच्या भीतीने वेषांतर करून बेटावर आला, अशी कथा गिरमिटी वंशजांत वारंवार ऐकू येते. तिला प्रथमदर्शनी एक आधार आहे : 1858 व 1859 या दोन वर्षांत मॉरिशसला उतरलेल्या मजुरांची संख्या अतिशय फुगली. पण त्या वर्षांत साखरेचा धंदाही भरभराटीत होता व मळ्यांची मागणी मोठी होती. तेव्हा आगमनाचे वर्ष 1857 पूर्वीचे असेल तर कथा बाद होते. नंतरचे असेल तर ती केवळ अशक्य ठरत नाही, एवढेच. परंपरेचा खरा उपयोग घटनांपेक्षा आचारांत आहे. मॉरिशसमधील मराठी लोक गणेशोत्सवात जो 'झाकरी' नाच करतात, त्याचे नाव व स्वरूप कोकणातील जाखडीशी जुळते. आचार समूहाचा असतो, म्हणून त्यावरून एका कुटुंबाचे गाव ठरत नाही. परंतु नोंदीतील संदिग्ध नाव कोकणातील की देशावरील, हे ठरवताना अशा पुराव्याचे पारडे जड होते. घरात टिकलेले कुलदैवताचे नाव, नैवेद्याची विशिष्ट रीत, किंवा नातेवाचक शब्द यांनाही हेच लागू आहे.

आता समुद्राच्या अलीकडचा तीर. गाव निश्चित झाल्यावर तेथे त्या माणसाची खूण सापडेल काय? कोकणात जमीन खोताच्या नावे असे. कुळांच्या हक्कांची तपशीलवार नोंद पुढे सर्व्हे आणि 1880 चा खोती कायदा यांच्या काळात होऊ लागली, तोवर आपला मजूर बेटावर म्हातारा झालेला होता. म्हणून त्याचे स्वतःचे नाव नव्हे, तर त्याच्या मागे राहिलेल्या भावाचे किंवा पुतण्याचे नाव शोधावे. बापाच्या नावाचा रकाना येथे कामी येतो. क्षेत्रस्थानच्या उपाध्यांच्या वह्यांत गावोगावच्या यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर हेळवी लोक कुळांच्या वंशावळी सांगतात. या साधनांत परागंदा झालेल्या माणसाचे नाव बहुधा नसते. पण एखाद्या पिढीत 'एक भाऊ मोरसला गेला' एवढी आठवण मिळाली, तरी दोन तीर जोडले जातात.

'मोरस' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. मॉरिशसचे हे देशी रूप मराठीत व गुजरातीत रूढ झाले, ते मुख्यतः तेथून येणाऱ्या पांढऱ्या साखरेमुळे. 'मोरस साखर' हा शब्दप्रयोग मराठी घरांत पुढेही अनेक वर्षे चालू होता. गावाने माणूस विसरला; त्याने पिकवलेल्या उसाची साखर मात्र भाषेने लक्षात ठेवली.

या सर्व विवेचनातून पुराव्याची एक उतरंड मांडता येते. अखंड दाखले, क्रमांक, आणि परगण्यासह गाव, ही तिन्ही जुळली तर मूळ गाव सिद्ध झाले असे म्हणावे. क्रमांक निश्चित असून गावाचे वाचन नियमांच्या व नावांच्या साठ्याच्या आधारे केलेले असेल, तर ते संभाव्य म्हणावे. केवळ नामसादृश्य, जातीचा रकाना किंवा कुटुंबकथा एवढ्यावर आधार असेल, तर ते अनुमानच राहते, आणि तसेच नोंदले पाहिजे.

ही शिस्त केवळ विद्यापीठीय काटेकोरपणासाठी नाही. 2024 च्या मार्च महिन्यात भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या नोंदणीस पात्र ठरवले. त्यामुळे मोका येथील नोंदवहीतील एक ओळ आता केवळ स्मृतीचा नव्हे, तर हक्काचाही पुरावा ठरू शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, सहा पिढ्यांनंतर एखादे कुटुंब ज्या गावाच्या वेशीवर येऊन नमस्कार करणार, ते गाव त्यांचेच असले पाहिजे. चुकीचे गाव दाखवण्यापेक्षा 'परगण्यापर्यंत माग लागला, पुढे लागत नाही' असे सांगणे त्या पूर्वजाला अधिक न्याय देणारे आहे. त्याचे नाव एकदा चुकीचे लिहिले गेले. आता ते वाचताना तरी ती चूक पुन्हा होऊ नये.